हुबेहूब मालन

११ फेब्रुवारी १९७८

घसा परत बसला. काल संध्याकाळी हातकणंगल्याला लग्नातला कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात वरचा सूर लागलाच नाही, नुसता वारा आला तोंडातून. आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीच्या मालकानं, बापूनं, अ‍ॅकॉर्डियनचा भाता जोरात ओढून झाकलं. पब्लिकला कळलं नसावं. मला कळलं.

स्टेजवरून उतरले तर नवरदेवाचा चुलता की कोण, फेटा सावरत आला. "बाई, डोळं मिटून ऐकलं बगा. अगदी रेकॉर्ड! काडीचा फरक न्हाय." हेच. दर गावात हेच. सगळे डोळे मिटून ऐकतात. मग मी एवढ्या पिना टोचून साडी कशाला नेसू? पडद्यामागं बसवा मला आणि समोर रेडिओचा खोका ठेवा.

आणि बापूचं ते पुकारणं. "तोच गळा, तोच गोडवा... येत आहे आपल्यासमोर... हुबेहूब मालन!" पोस्टरवर पण तेच, लाल अक्षरात. नऊ वर्षं हेच नाव लावून फिरतेय. परवा भाजीवाली म्हणाली, "हुबेहूबबाई, मेथी ताजी हाय, घ्या की." शेजारच्या दोघी फिदीफिदी हसल्या. मेथी न घेताच आले.

१४ फेब्रुवारी

दुसरीच्या वर्गात सातचा पाढा घेताना आवाज फुटला. पोरं खीखी. एकानं लगेच माझी नक्कल केली, त्याचा कान पिळला. नंतर वाईट वाटलं. त्याचं काय चुकलं, मी पण तेच करते की.

हेडबाईंनी बोलावलं. "मालनबाई, आवाज शाळेसाठी राखून ठेवा. नाचगाण्याचा पगार देत नाही तुम्हाला शाळा." नाचगाणं! गेल्या गॅदरिंगला पाहुण्यांपुढं मिरवायला मीच लागत होते ना? तेव्हा "आमच्या मालनबाई, आमच्या मालनबाई". तळपायाची आग मस्तकात गेली. पण "हो बाई" म्हणून बाहेर आले. दुसरं काय बोलणार, घर त्या नोकरीवर चाललंय.

आई हळद-दूध घेऊन मागं लागलीय.

१७ फेब्रुवारी

शाहूपुरीतल्या डॉक्टरांकडं. घशात आरसा घालून बघितलं. ओकारी आली. म्हणाले, स्वरतंतूंवर दोन्ही बाजूला दाण्यासारखं आलंय. "बाई, तुम्ही तुमच्या आवाजापेक्षा वर गाताय."

मी म्हटलं, मी वर गात नाही डॉक्टर, गाणंच वर आहे.

"मग गाणं खाली आणा. नाहीतर गाणं सोडा. असंच ताणत राहिलात तर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर आवाज कसा राहील ते मी सांगू शकत नाही. वर्गात शिकवण्यापुरता तरी राहील का, तेसुद्धा."

आईला सांगितलं, घसा लाल आहे म्हणून. वर्गात उभं राहता आलं नाही तर आम्ही दोघी खाणार काय? आणि यात्रांचा हंगाम तोंडावर. नेसरी, गडहिंग्लज, कागल. बापूनं सगळीकडं पोस्टरं लावलीत.

१९ फेब्रुवारी

बापूला सांगितलं. त्याच्या मांडव-डेकोरेशनच्या दुकानावर माडी आहे, तिथंच आमची तालीम. म्हटलं, बापू, डॉक्टर म्हणतात गाणी खाली घ्या.

"खाली? का? मूळ बाई त्याच पट्टीत म्हणतात की गं! त्यांचा घसा बसला का? तुलाच काय धाड भरलीय?"

सगळे ऐकत होते. गिटारवाला, ड्रमवाला, कोंगोवाला. खाली मान घातली. कारण खरंच होतं ते. नवी रेकॉर्ड आली की बापू त्याच्या प्लेअरवर चार-पाच वेळा लावतो, आपण सगळे भोवती बसतो, ज्यानं त्यानं आपापला तुकडा उचलायचा. बापू अ‍ॅकॉर्डियनवर पट्टी शोधतो. तिथंच बसवायचं. म्हणजे मू. बाई (रेकॉर्डवर गाणारी मूळ बाई) जिथं म्हणतात तिथंच मी म्हणते. त्या साठ गाणी म्हणतील, मी सहा म्हटली की माझ्या घशात दाणे. माझीच लायकी कमी.

फक्त दस्तगीरभाई, व्हायोलिनवाले, जिन्यात म्हणाले, "मालनताई, दिल छोटा करू नका. व्हायोलिनला काय, कुठंबी वाजतंय." त्यांना काय, बोट जरा सरकवलं की झालं.

आज स्वतःचाच राग आलाय. झोपते.

२६ फेब्रुवारी, जयसिंगपूर

शोभाच्या बाळाचं बारसं. (शोभा मावसबहीण.) एस.टी.नं आलो मी आणि आई. दुपारी स्वैपाकघरात पुऱ्या लाटत होतो, बाहेरच्या खोलीत रेडिओ लागला. मू. बाईंचं तेच गाणं, ज्यात हातकणंगल्याला माझा आवाज फाटला. सवयीनं बरोबर म्हणायला लागले. अंतरा आला, मी अंग आवळलं. आणि सूर लागला. सहज. लाटणं पण थांबलं नाही.

शोभा म्हणाली, "मालू, घसा बरा झाला की गं!"

मला पण तसंच वाटलं. मग म्हटलं, बघू तरी. शोभाच्या सासऱ्यांची पेटी आहे, भजनाची. गाणं संपायच्या आत सूर दाबून बघितला. काळी एक. परत दाबला. काळी एकच. आम्ही हे गाणं पांढरी दोनमध्ये करतो. एक पट्टी वर.

पेटी उतरली असेल असं म्हणून सोडून दिलं. बारशात लक्ष लागेना. बाळाचं नाव काय ठेवलं ते आईला परत विचारावं लागलं.

१ मार्च

शाळेतली पेटी शिपायाला सांगून घरी आणली. तीन दिवस रेडिओला कान लावून बसलेय. जे गाणं आम्ही करतो ते लागलं की पेटीवर धरायचं. प्रत्येक गाणं रेडिओवर एक पट्टी खाली. प्रत्येक. आमचं चारात तर त्यांचं पांढरी तीनात. आमचं दोनात तर त्यांचं काळी एकात.

म्हटलं अ‍ॅकॉर्डियनच चढा असेल. आज तालमीआधी लवकर गेले, पेटीचा सूर डोक्यात धरून. अ‍ॅकॉर्डियनवर बोट ठेवलं. तोच सूर. दस्तगीरभाईंना बोलावून खात्री केली. ते म्हणाले, "बाजा बरोबर हाय, ताई. मग घोटाळा मशीनचा."

प्लेअर. बापूचा तो प्लेअर जोरात फिरतो. कोणाला कळेल इतका नाही. पण एक पट्टी! मू. बाई जिथं म्हणतात तिथं मी कधी म्हटलंच नाही. नऊ वर्षं मी त्यांच्या वर म्हणतेय आणि वर त्यांच्यासारखं म्हणता येत नाही म्हणून रडतेय!

उद्या विचारते.

२ मार्च

विचारलं. सगळ्यांसमोर.

बापू रेकॉर्ड पुसत होता. वर न बघता म्हणाला, "माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"मशीन पळतंय जरा. पहिल्यापास्नं."

पहिल्यापास्नं! मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? तो म्हणाला, सांगायचं काय त्यात, चढा सूर असला की पब्लिक उठतं, आपली पार्टी म्हणूनच गाजली, बाकीच्या ऑर्केस्ट्राचं ऐक, कसं झोपल्यागत वाटतंय. "आणि आता पोरांची बोटं बसलीत. सगळं परत बसवायचं म्हणजे काय खेळ हाय व्हय?" गिटारवाला मान डोलवत होता. ड्रमवाला पण! ड्रमला मेल्या कसली आलीय पट्टी?

मी म्हटलं, मशीन दुरुस्त करून आणा. बापूनं प्लेअरवर हिरवं फडकं टाकलं. "त्या मशीनला कुणी हात लावायचा न्हाय." असं म्हणाला जणू देवघरच आहे ते.

मी तालीम सोडून निघून आले. मागनं ऐकू आलं, "जाऊ दे, येतीय दोन दिसांत. जातीय कुठं?"

४ मार्च

जातीय कुठं. दोन दिवस हेच कानात. खरंच, जाणार कुठं? दुसऱ्या पार्टीत गेले तर "बापूची हुबेहूब आली" म्हणतील.

संध्याकाळी बापूच्या घरी गेले, तो नसताना. वहिनींना सांगायचं होतं की नवऱ्याला समजवा. वहिनी म्हणजे इंदूवहिनी. तालमीला वर चहा पाठवतात, कार्यक्रमाला कधी येत नाहीत. मी पार्टीत यायच्या आधी त्याच म्हणायच्या असं ऐकून होते. कधी ऐकलं नव्हतं.

त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मशीन बिघडलेलं न्हाय गं. ते मुद्दाम केलंय. माझ्यासाठी."

काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. वहिनींचा गळा बारीक, चढा. मू. बाईंची गाणी त्यांना खाली पडायची, ध्रुवपदाला आवाजच निघायचा नाही. म्हणून मोटरच्या दांडीवर वायरमनची काळी टेप गुंडाळली. दांडी जाड झाली, तबकडी जोरात पळायला लागली, गाणं वर गेलं. पोरं सगळी कानानं उचलणारी. त्यांना वर घ्या म्हणून सांगण्यापेक्षा रेकॉर्डच वर नेलेली बरी. "मीच लावलीया टेप. ह्या हातानं."

मग? मग तिसरं बाळंतपण झालं, सासरे म्हणाले आता बास झालं स्टेजवर उभं राहणं. "तो काय बोलला?" मी विचारलं. म्हणजे बापू.

"त्यो कुठं काय बोलतोय. गप बसला. टेप तेवढी ठेवली. कुणी हात लावला की अंगावर जातंय. म्हणतंय, तुझी आठवण हाय." वहिनींनी सुपाला एक झटका दिला, खडे उडाले. "माझी आठवण ठेवायची हुती तर मला ठेवायची हुती स्टेजवर. टेप कशाला?"

म्हणजे मी मू. बाईंची पण हुबेहूब नाही. मी वहिनींच्या पट्टीत उभी आहे इतकी वर्षं, आणि त्या खाली बसून तांदूळ निवडतायत.

निघताना म्हणाल्या, "तुझा घसा गेला तर माझ्या टेपनं गेला असं हुईल. काढ म्हणावं."

५ मार्च

रागानं जेवण गेलं नाही. आई म्हणते, सोड तो नाद, तुझं वय झालं आता. तिला पण दोन शब्द ऐकवले. मग तिच्या पायाला तेल लावून दिलं.

९ मार्च

तालमीला गेले. जाणार होतेच. बापूला दाखवून द्यायचं नव्हतं की त्याचं खरं झालं, पण झालंच.

म्हटलं, टेप काढा. तो चमकला. "कुणी सांगितलं?" मी सांगायच्या आतच त्याला कळलं कोणी ते. एकदम आवाज उतरला त्याचा. "मालन, तुला न्हाय कळायचं ते."

मला नाही कळायचं? घसा माझा, दाणे माझ्या घशात, आणि कळायचं मात्र याला! मी म्हटलं, बापू, तुमच्या मनात काय आहे ते तुमच्याजवळ ठेवा, माझ्या गळ्यात कशाला अडकवता? त्यावर, "मग दुसरी बघतो. जयसिंगपूरला एक पोरगी हाय, तिच्यापुढं मूळ बाई झक मारतील असं म्हणतीय." कुठली पोरगी? कालपर्यंत तर नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला.

नेसरीचा कार्यक्रम अठराला. तोपर्यंत माझ्याशिवाय त्याला इलाज नाही, आणि त्याच्याशिवाय मला स्टेज नाही. त्याच पट्टीत तालीम केली. घरी आल्यावर थुंकीत रक्ताची बारीक रेघ दिसली. आईला दाखवली नाही.

१५ मार्च

आज दस्तगीरभाई शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे. घरचा धंदा बांगड्यांचा, दुकान भावावर टाकून आलेले. म्हणाले, "ताई, एक बात सांगतो. नेसरीला पहिल्या गाण्याची सुरुवात माझ्या व्हायोलिननं हाय. मी सूर काळी एकचा दिला तर?"

मी म्हटलं, बापू तुम्हाला पार्टीतून काढेल.

"काढू दे. उरसात कव्वालीवाल्यांबरोबर वाजवीन. ते तरी गाणाऱ्याला विचारतात, मियाँ, कुठं धरू?"

एवढं साधं. गाणाऱ्याला विचारायचं, कुठं धरू. मला आजवर एकानं विचारलेलं नाही. हो म्हटलं.

१९ मार्च, सकाळी, नेसरीहून येताना एस.टी.त

(अक्षर हलतंय.) काल झालं एकदाचं.

देवळामागच्या शेतात स्टेज. काढणी झालेलं रान, पायाखाली धसकटं. गर्दी भरपूर, बायका ट्रॉल्यांतून आलेल्या. बापूचं पुकारणं: "तोच गळा, तोच गोडवा, हुबेहूब..." माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठरवलेलं नव्हतं. माईक ओढून घेतला आणि म्हटलं, "नमस्कार. माझं नाव मालन. नुसतं मालन. आणि आजची गाणी मी माझ्या पट्टीत म्हणणार आहे, एक सूर खाली. कोणाला आवडलं नाही तर आधीच सांगते, माफ करा."

मला वाटलं आता चपला येतात. पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "म्हणा की बाई! कुठल्याबी पट्टीत म्हणा, आमी काय मोजाय बसलोय व्हय?" सगळं रान हसलं.

दस्तगीरभाईंनी काळी एक धरली. मी बापूकडं बघितलं. तोंड लाल. वाटलं आता अ‍ॅकॉर्डियन खाली ठेवतो. पण स्टेजवर भांडण दाखवायचं नाही हे त्याच्या रक्तात आहे. बोटं सरकवली आणि आला बरोबर. एक सूर चुकला नाही! गिटारवाला पण दोन ओळींत आला. ही यांची बसलेली बोटं! मिनिटभराचं काम होतं. नऊ वर्षं मला झुलवलं, मिनिटभराच्या कामासाठी.

मी म्हटलं सगळं. कुठं फाटलं नाही. दोन वन्समोअर. आणि शेवटी तोच प्रकार, एक फेटेवाला आला, "बाई, अगदी रेकॉर्ड! डोळं मिटून ऐकलं."

फरक कळलाच नाही कोणाला. एकालाही नाही. चढा सूर असला की पब्लिक उठतं म्हणे. उठतं कप्पाळ. आनंद व्हायला पाहिजे होता. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

बापू सामान टेंपोत भरून पुढं गेला. मी आणि दस्तगीरभाई पहाटे वेगळे एस.टी.नं निघालो.

२३ मार्च

बापूचा निरोप आला, तालमीला ये. गेले. त्यानं मान वर केली नाही, नुसतं म्हणाला, "घ्या सगळी खाली. एकेक करून." टेप मात्र काढलेली नाही. रेकॉर्ड वर वाजते आणि आम्ही खाली बसवतो. हसावं का रडावं. पण बसवतोय. आज सहा झाली.

"हुबेहूब" पोस्टरवरनं काढा म्हटलं. "पोस्टर छापून झालीत," म्हणाला. ठीक आहे. तेपण बघते.

३१ मार्च

सगळी गाणी खाली बसली. आज तालीम झाल्यावर गिटारवाला म्हणाला, "ताई, आता गोड लागतंय खरं." आधी कुठं गेली होती ही अक्कल?

घसा मात्र दुखतोय. खाली गाऊनसुद्धा. सकाळी वर्गात हजेरी घेतली, निम्म्या नावांना आवाजच आला नाही. पोरं आपापली "हजर" म्हणाली, हात वर करून. आज कोणी हसलं नाही.

३ एप्रिल

डॉक्टर. आरसा.

उशीर केलात, म्हणाले. पूर्ण मौन. कुजबुजायचं पण नाही, कुजबुजणं जास्त वाईट. मे अखेर बघू, दाणे बसले तर बसले, नाहीतर ऑपरेशन. हेडबाईंना चिठ्ठी नेऊन दिली. त्यांनी वाचली आणि एकदम मऊ झाल्या, मीच तुमचा वर्ग घेईन म्हणाल्या. ते मऊ होणं बघूनच घाबरले.

जिंकले आणि तोंड बंद झालं. बापूला दस्तगीरभाईंनी सांगितलं. म्हणे खुर्चीवर बसून राहिला. बसू दे.

ओरडावंसं वाटतंय. तेच करता येत नाही. उशीवर बुक्क्या मारल्या. आई दारात उभी राहून बघत होती.

८ एप्रिल

शाळेतली पाटी आणलीय बोलायला. आई वाचायला शिकलेली नाही. तिच्याशी खुणा. भाजीवालीनं आज आपणहून मेथी दिली, "घ्या मालनताई," म्हणाली. हिला कोणी सांगितलं माझं नाव?

१२ एप्रिल

दुपारी दार वाजलं. इंदूवहिनी. आमच्या घरी पहिल्यांदाच.

"त्यो म्हणतोय, परवाच्या गडहिंग्लजला मी म्हणायचं. सुपारी घेतलीय, पोस्टरं लागलीत, दुसरं कोण न्हाय." खाली बसल्या. "नऊ वर्सांनी, मालन. सासरे गेले तवाबी न्हाय आठवलं त्याला. आता अडलं तवा आठवलं."

मी पाटीवर लिहिलं, पट्टी?

"तुझीच. म्हणतोय आता परत बसवाय येळ न्हाय. पोरांची बोटं बसलीत."

बोटं बसलीत!! पाटी आपटायचीच बाकी होती. त्याच माणसाच्या तोंडचं तेच वाक्य, आता तिच्यासाठी. परवापर्यंत तिची पट्टी देवघरात, आणि ती स्वतः गायला उभी राहणार तर खाली.

म्हटलं (म्हणजे खुणेनं), म्हणून दाखवा. आईपुढं, स्वैपाकघरात, आधी माझ्या पट्टीत म्हटलं. ध्रुवपदाला आवाज तळाला घासत गेला, शब्दच कळेना. त्या थांबल्या. मग वर घेतलं. त्यांच्या जागी. आणि मी नऊ वर्षं जिथं गळा फाडत होते तिथं ही बाई पाण्यासारखी गेली. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. अंगावर काटा आला माझ्या. आणि लगेच, खरं लिहिते, वहिनींचा राग आला.

कारण मला दिसलं. परवा ही वर म्हणाली तर सगळी पार्टी परत वर जाणार. पोरांची बोटं तिथं बसणार, मे संपल्यावर मी परत आले तर परत तेच, जातीय कुठं. परत भांडायचं. आणि परत आलेच नाही तर माझी पट्टी कोणाच्या लक्षात तरी राहील का? उलट ही माझ्या पट्टीत म्हणाली तर माझी जागा तशीच्या तशी राहते, आणि गडहिंग्लजच्या मैदानात हिचं हसं होतं. एका गाण्यात. नऊ वर्षांनी.

वहिनी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "तू नेसरीला सांगितलंस माईकवर. मला न्हाय तसं जमायचं गं. पण तू लिहून दिलंस तर मी चिठ्ठी दाखवीन त्याला. तू म्हणशील तसं. वर म्हण म्हणालीस तर वर. खाली म्हण म्हणालीस तर खाली. नगं जाऊ म्हणालीस तर जात न्हाय. जागा तुझी हाय."

मी "वर" लिहिलं, पुसलं. "नको" लिहिलं, पुसलं. बापूवरचा राग बापूवर काढता येत नाही, ही बिचारी समोर बसलीय आणि सगळा हिच्यावर जातोय, हे कळतंय मला. कळून काय करू. पाटी काखेत घेऊन आत आले, पेन्सिल शोधते अशी खूण करून. हे लिहितेय.

आईनं त्यांना चहा दिलाय, बशीचा आवाज आला. आता बाहेरनं विचारतायत, "लिहिलंस का गं?"